आधी पावती, मग अभिनंदन

या अंकाच्या प्रकाशनाचा बॅनर करायला जे गृहस्थ दुकानात आले होते, त्यांनीच मला हे लिहायला बसवलं. मी त्यांना बोललो, साहेब, माझ्या धंद्यात चार ओळींच्या वर मजकूर गेला की वाचणारा मोटारसायकलवरून पुढे निघून गेलेला असतो. तर ते बोलले, आमचे वाचक घरात बसून वाचतात, तुम्ही घाबरू नका. ठीक आहे. आता घाबरायचं तर त्यांनी घाबरावं.

मी भिवंडीत बॅनर करतो. निजामपुऱ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून माझं दुकान आहे. नावाने मला कोणी ओळखत नाही, सगळे पेंटर म्हणतात. ब्रश हातातून सुटून पंधरा-वीस वर्षं झाली, पण ते नाव काही सुटलं नाही. आधी मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो, टेम्पोच्या मागे 'आईचा आशीर्वाद' लिहायचो, लग्नसराईत गावोगाव घरांच्या भिंतींवर गणपती आणि नवरा-नवरीची नावं काढायचो. मग फ्लेक्स आलं. दहा बाय आठचा जो बोर्ड रंगवायला मला दोन दिवस लागायचे, तो मशीन चहा थंड व्हायच्या आत बाहेर काढायला लागलं. मी महिनाभर त्या मशीनला शिव्या घातल्या आणि मग कर्ज काढून तेच मशीन घेतलं.

लोकांना वाटतं, बॅनर म्हणजे काय, फोटो टाकला, नाव टाकलं, झालं. या एकदा बसा माझ्या खुर्चीत! गिऱ्हाईक फोटो आणतं तो लग्नातला. आपल्याकडे माणूस केस विंचरून, इस्त्रीचे कपडे घालून उभा राहतो तो फक्त लग्नात. त्या फोटोत आजूबाजूला दहा जण असतात. त्यातून आपल्याला हवा तो एकच कापून काढायचा. तोंड निघतं, कान निघतात, पण खांद्यावर कुणाचा तरी हात असतो, तो निघत नाही. घाईत काम करणारे तो हात तसाच सोडतात. तुम्ही पाहिलं असेल, नाक्यावरच्या बॅनरवर एखादा नेता हसत उभा असतो आणि त्याच्या खांद्यावर बिनमाणसाची चार बोटं असतात. हात काढून तिथे शर्टाची शिलाई जुळवणं हे आमच्या धंद्यातलं खरं कसब आहे. माझ्या दुकानातून आजवर असा परका हात बाहेर गेलेला नाही, हे मी छातीठोक सांगतो.

गिऱ्हाईकं तर एकेक नमुने. एका गावचे दोन सख्खे भाऊ, एकमेकांशी बोलत नाहीत, पण शुभेच्छुकांच्या रांगेत दोघांनाही पहिला नंबर पाहिजे. शेवटी दोघांना दोन टोकांना टाकलं आणि मधे देवाचा फोटो घातला. दुसऱ्या एकाने बैलाच्या वाढदिवसाचा बॅनर केला. बैलाचा फोटो गॉगलवाला पाहिजे, म्हणून हटून बसला. दिला गॉगल लावून. बैलाची काही तक्रार आली नाही.

पण ह्या धंद्याचा खरा मोसम म्हणजे निकालांनंतरचे दोन-तीन महिने. दहावी, बारावी, मग कॉलेजांच्या याद्या. तेव्हा दुकानात नुसतं 'हार्दिक अभिनंदन' चालू असतं. आमच्या ठाणे जिल्ह्यात पोरगं पास झालं हे घरच्यांना कळून भागत नाही, ते नाक्याला कळावं लागतं. हसू नका. ज्या घरातल्या आजोबांना सही येत नव्हती, त्या घरातली पोर इंजिनीयर होते, तेव्हा बापाने काय करायचं? घरात बसून गालातल्या गालात हसायचं? तो बॅनर लावतो. मला त्यात काही वावगं वाटत नाही, आणि ते काही माझं पोट त्यावर आहे म्हणून नाही.

मात्र या मोसमात माझा एक नियम असतो. कॉलेजात फी भरल्याची पावती दाखवा, मग अभिनंदन छापतो. नाव यादीत आलंय, साहेबांनी शब्द दिलाय, सर बोललेत शंभर टक्के होणार, यातलं काही मला चालत नाही. पुष्कळ गिऱ्हाईकं रागावतात. 'पेंटर, तू काय कॉलेजचा प्रिन्सिपल लागून गेलास काय?' असं तोंडावर बोलून शेजारच्या दुकानात गेलेत. जाऊ देत. हा नियम मी रफिकभाईंमुळे धरला.

रफिकभाई निजामपुऱ्यातले जुने पॉवरलूमवाले. त्यांच्या मुलाचं नाव इंजिनीयरिंगच्या पहिल्या यादीत आलं आणि त्यांनी त्याच दिवशी माझ्याकडून बॅनर करून नेला. लावायचा होता शुक्रवारी, नमाजाला सगळी माणसं जमतात तेव्हा. तेवढ्यात कागदपत्रांत काहीतरी अडलं, दाखला वेळेत मिळाला नाही आणि जागा गेली. पुढच्या यादीत नाव लागलंच नाही. मग एक दिवस रफिकभाई दुकानात आले, हातात गुंडाळलेला बॅनर. मला वाटलं, पैशाचं काहीतरी बोलतील. तर बोलले, "पेंटरभाई, इसको आप रख लो. घर में रखता हूँ तो इसकी माँ रोती है. और फेंकूँ कैसे? बेटे का मुँह है इसपे."

मी तो घेतला आणि दुकानाच्या माळ्यावर ठेवला. चेहरा छापलेला असला की साधं प्लॅस्टिकसुद्धा कचऱ्यात टाकवत नाही, हे तेव्हा मला कळलं. पुढे हळूहळू लोकांना माहीत झालं की पेंटरकडे अशी वस्तू ठेवता येते. इतर दुकानांत छापलेले बॅनरही माझ्याकडे यायला लागले. कुणाची डॉक्टरकी, कुणाची फौजदारकी, कुणाचं परदेशी शिक्षण. न लागलेली अभिनंदनं सगळी माळ्यावर. दर दिवाळीला साफसफाई करताना मी ती काढतो, झटकतो आणि परत ठेवतो. बायको ओरडते, हे काय भांडार मांडलंय? पण तीही कधी फेकून दे असं बोलली नाही.

हे सगळं दुसऱ्यांच्या पोरांचं. मग पाळी आमच्या घरावर आली.

माझी मुलगी निकिता. एकुलती एक. हिला लहानपणापासून जनावरांचं वेड. माझी सासुरवाडी शेलारची, तिथे माझ्या मेव्हण्याचा, बाळारामचा, म्हशींचा तबेला आहे. सुट्टी लागली की निकिता तिथे. बाकीच्या पोरी मामाकडे जाऊन फ्रॉक मागतात, ही शेणात उभी राहून म्हशीचे दात बघायची. एकदा एक म्हैस अडली होती, डॉक्टर यायला उशीर झाला, तेव्हा ही आठवीतली पोर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टर आला, रेडकू सुटलं, आणि घरी येऊन हिने सांगून टाकलं की मी जनावरांची डॉक्टर होणार. त्या दिवसापासून दुसरं काही बोलली नाही.

आता जनावरांच्या डॉक्टरांची गंमत अशी की परीक्षा तीच, जी माणसांच्या डॉक्टरांची. आणि कॉलेजं मोजकी. हिला मार्क चांगले पडले, पण आजकाल चांगले सगळ्यांनाच पडतात. पहिल्या यादीत नाव नाही. दुसऱ्या यादीत नाव आलं ते वेटिंगला. सहावा नंबर.

मी तुम्हाला सांगतो, नकार बरा. नकार आला की माणूस रडतो, जेवत नाही, दोन दिवसांनी जेवतो आणि पुढच्या कामाला लागतो. वेटिंगला धड रडताही येत नाही, कारण रडलं तर अपशकुन. आमच्या घरात मोबाईल वाजला की तिघांचे हात पुढे यायचे, आणि फोन निघायचा गॅसवाल्याचा. बायको, सुनंदा, देव पाण्यात घालून बसली होती. निकिता पुस्तक उघडून त्याच पानाकडे बघत बसायची. आणि येणारा-जाणारा विचारायचा, काय झालं हो मुलीचं? 'वेटिंगला आहे' म्हटलं की समोरचा लगेच डॉक्टर असल्यासारखा बोलायचा, होतं हो, सहावा म्हणजे काहीच नाही. किंवा मग, मुलीच्या जातीला कशाला एवढं, बी.ए. करू दे. पहिल्याचा राग यायचा आणि दुसऱ्याला तर हातातली कात्री फेकून मारावीशी वाटायची.

यात एक गोष्ट निकितानेच मला समजावली. वेटिंगचा नंबर पुढे सरकतो कधी, तर वरच्या मुलांना माणसांच्या डॉक्टरकीला जागा मिळते आणि ती ही जागा सोडून जातात तेव्हा. म्हणजे आमच्या पोरीचं व्हायचं असेल तर आधी दुसऱ्यांच्या पोरांचं चांगलं व्हायला पाहिजे. झालं! माझ्या दुकानात मेडिकलवाल्या मुलाचा बॅनर आला की मी पावती बघायचो आणि मनात बोलायचो, जा बाबा, जा, सुखाने जा. इतकी वर्षं पोटासाठी 'हार्दिक अभिनंदन' छापत आलो, त्या पावसाळ्यात पहिल्यांदा ते हार्दिक होतं. सुनंदा तर अनोळखी पोरांच्या नावाने देवाला साकडं घालत होती.

त्याच दिवसांत मानकोलीचे एक म्हात्रे आले. गोदामांना जमीन दिलेली, गळ्यात साखळी, पण माणूस साधा. मुलाला कॉलेज लागलं होतं. पावती टेबलावर ठेवली आणि मी बघितलं, तर तेच कॉलेज. जनावरांच्या डॉक्टरचं. निकिता बाजूच्या खुर्चीवर होती, ती दुपारची दुकानात मदतीला बसते. मी पावती उलटी करून ठेवायला गेलो. ती बोलली, "पप्पा, मी करते हा."

तिने कॉलेजचं पूर्ण नाव कुठेही न बघता टाइप केलं. पोराचा फोटो कापला, कानामागचे केससुद्धा नीट सोडवले. आजोबांच्या फोटोखाली 'आजोबांचा आशीर्वाद' टाकलं. म्हात्रे खूश. सहज विचारलं, "बाय, तू काय करतेस?"

"मी त्याच कॉलेजच्या वेटिंगला आहे, काका."

म्हात्र्यांनी हातातला चहा अर्धा ठेवला. जाताना दारातून परत आले आणि मला हळूच बोलले, "पेंटर, माझ्या पोराला मेडिकलचा नंबर लागला तर मी पहिला फोन तुम्हाला करीन." असा माणूस. त्यांच्या पोराला मेडिकलचा नंबर लागला नाही, पण फोन त्यांनी केला, तेवढं सांगायला.

नंबर सहाचा चार झाला. घरात जरा जीव आला. मी शेलारला बाळारामला फोन करून सांगितलं. बाळाराम म्हणजे माझा मेव्हणा, निकिताचा मामा. त्याला सगळे बाळूशेठ म्हणतात. माणूस म्हशींशीसुद्धा ओरडून बोलतो, पण भाचीवर जीव टाकतो. त्याची स्वतःची दोन पोरं शाळेला रामराम ठोकून बसलेली. सगळी आशा हिच्यावर. तो बोलला, "चार म्हंजे लागलाच की दाजी!"

"अजून लागला नाही, बाळू. वेटिंग आहे."

"वेटिंग म्हंजे काय? पंगतीत मागं उभा हाय ना मानूस? मंग? पाठी उभा राहिलेला मानूस आमच्या लग्नातून कधी उपाशी गेलाय काय?"

मी हसलो. तिथेच मला खटकायला पाहिजे होतं. कारण त्या रविवारी सकाळी माझा मोबाईल जो वाजायला लागला, तो थांबेना. अभिनंदन पेंटर! पेढे कुठे? लपवून ठेवता काय? मला काही कळेना. मग एकाने फोटो पाठवला.

शेलार नाक्यावर दहा बाय आठचा बॅनर. 'आमच्या गावची भाची, डॉक्टर निकिता हिचे हार्दिक अभिनंदन'. आणि मला सरप्राइज द्यायचं म्हणून बाळारामने तो माझ्याकडे न करता कल्याण रोडच्या दुसऱ्या दुकानातून करून आणला होता!

आता बापाचं दुःख एकीकडे, पण आधी दिसलं ते कामाचं. काय तो रंग! माझी पोर गव्हाळ, तिला पार शेंदूर फासल्यासारखी केलेली. फोटो मामाच्या पोराच्या लग्नातला, घागरा-चोळीतला, आणि त्या घागरा-चोळीवर गळ्यात आणून बसवलेला स्टेथोस्कोप. मामाचा स्वतःचा फोटो तिच्यापेक्षा मोठा. मागे त्याची लाडकी म्हैस. आणि निकिताच्या खांद्यावर, तुम्ही ओळखलंच असेल, बिनमाणसाचा हात. हिरव्या बांगड्यांचा.

सुनंदाने फोटो बोटांनी मोठा करून बघितला. "हा हात माझा आहे," ती बोलली आणि रडायलाच लागली.

निकिताने एकदा बघितलं, मोबाईल परत दिला आणि आत गेली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच बोलली, "आता मी शेलारला कशी जाऊ?"

तेव्हा मला कळलं नाही, पण सगळं त्यातच होतं. या सगळ्या वाट बघण्यात पोर टिकून होती ती त्या तबेल्यामुळे. दर दोन-तीन दिवसांनी सकाळी रिक्षाने जायची, म्हशींना हात लावून यायची, चेहरा खुललेला असायचा. आणि तबेल्याचा रस्ता त्या नाक्यावरून जातो. आता तिथे तीच उभी होती, डॉक्टर होऊन. खाली रिक्षातून उतरणाऱ्या खऱ्या निकिताला लोक पेढे मागणार. तिने शेलारला जाणं बंद केलं. कुठे जाणंच बंद केलं. मला कॉलेजची जागा जाण्याची भीती होती, ती राहिली बाजूला. माझी पोर आतून मिटत चालली होती, ती उघडेल की नाही ही भीती मोठी झाली.

मी टेम्पोत शिडी टाकून शेलारला गेलो. बाळाराम तबेल्यात वैरण टाकत होता. मी बोललो, "बाळू, बॅनर उतरव."

त्याचा हात थांबला. "का? आवडला न्हाय?"

"आवडायचा प्रश्न नाही. तिचं अजून नक्की नाही. पोरगी घराबाहेर पडत नाही."

"दाजी, आता उतरवला तं गाव काय बोलेल? लागला नव्हता, उगाच लावला. मंग तिच्याच तोंडाला काळं लागंल." त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आमच्या घरात कोन बारावीच्या पुढं गेलाय, सांगा. मी कोनासाठी लावू मंग? म्हशीसाठी?"

त्याच्या डोळ्यात पाणी बघून माझी शिडी तशीच टेम्पोत राहिली. त्याचंही खोटं नव्हतं. लावलेला बॅनर ठेवावा तर पोरीला त्रास, उतरवावा तर पोरीचीच बदनामी. एवढी वर्षं मी लोकांना पावती मागत होतो ती याच्याचसाठी, आणि नेमका माझ्याच पोरीचा बॅनर मला न विचारता लागला! शेवटी ठरलं की अखेरची यादी लागेपर्यंत राहू दे. तिचं नाव लागलं तर प्रश्नच मिटला.

नंबर दोनवर आला. त्या दिवशी सुनंदाने दुधाची पिशवी जास्त आणून ठेवली, पेढ्यांसाठी, पण बोलून दाखवलं नाही. मीही बघून न बघितल्यासारखं केलं.

आणि दोनवर येऊन दार बंद झालं. प्रवेश संपले. एक जागा सुटली ती एक नंबरच्या मुलीला गेली.

निकितानेच आम्हाला सांगितलं. शांतपणे. सुनंदाने तिला जवळ घेतलं. मी काय केलं? मी बडबड केली. बाप असंच करतो. मी कुठल्या कुठल्या कॉलेजांची माहिती काढली, डेअरीचा कोर्स, शेतकीचा कोर्स, लॅबचा कोर्स, सगळं तिच्यापुढे नेऊन ठेवायचो. मला वाटायचं, काहीतरी पुढे ठेवलं की भोक बुजेल. ती दोन दिवस ऐकत राहिली. मग बोलली, "पप्पा, तुम्ही मला थोडे दिवस कशाचीच बनवू नका ना."

मी ती सगळी माहिती आवरून ठेवली. सुनंदा माझ्यापेक्षा शहाणी. ती काही बोललीच नव्हती. तिने फक्त सोड्यांची आमटी केली होती, निकिताला आवडते म्हणून, आणि तिच्या बाजूला बसून स्वतःही जेवली होती.

दोन-चार दिवसांनी निकिता आपण होऊन दुकानात आली. खुर्चीवर बसली, एका किराणावाल्याची पाटी अर्धवट होती ती पूर्ण केली. मग माझ्याकडे न बघता बोलली की पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसायचं तिने ठरवलंय. लागेल असं नाही, पण बसायचंय. मी 'बरं' म्हटलं. फार बोलायचं नाही एवढं मी शिकलो होतो. दोन वडापाव मागवले.

तेवढ्यात बाहेर मामाचा टेम्पो थांबला. बाळाराम आत आला तो हातात भलीमोठी गुंडाळी घेऊन. बॅनर त्याने स्वतःच उतरवला होता. सुतळीसुद्धा नीट बांधली होती. भाचीला समोर बघून बिचारा गांगरला. त्याला वाटलं असेल, ही इथे नसेल. एरवी ओरडून बोलणारा माणूस हळूच मला बोलला, "दाजी, ही कुठं ठेवू? टाकवत न्हाय मला."

रफिकभाई बोलले होते तेच. माझी नजर सवयीने वर माळ्याकडे गेली.

निकिताने ते बघितलं. माळ्यावर कोण कोण आहे ते तिला लहानपणापासून माहीत आहे. वडापाव खाली ठेवून ती बोलली, "पप्पा, मला माळ्यावर नका टाकू."

बाळारामने गुंडाळी खाली टेकवली. मग तीच बोलली, "मामा, तबेल्याचं छप्पर त्या कोपऱ्यात गळतं ना? तिथे बांध. तोंड खालच्या बाजूला कर."

"खाली? का गं बाय?"

"मग म्हशींना तरी कळेल, डॉक्टर कशी दिसते ती."

आणि ती हसली. किती दिवसांनी! बाळाराम आधी हसला आणि मग शर्टाच्या बाहीने डोळे पुसायला लागला. बोलला, "बाय, चुकला गं माझा. मी लय घाई केली." ती बोलली, "घाई केलीस ते केलीस, पण मला शेंदरी कशाला केलंस?" मी बोललो, "दुसऱ्या दुकानात गेलं की असंच होतं." मग आम्ही तिघंही हसलो. तिसरा वडापाव मागवला.

टेम्पोत बसता बसता बाळाराम परत फिरला. नाक्यावरची फ्रेम रिकामी झालीय, बरी दिसत नाही, बोलला. लोकं विचारतात, पोरीचं काय झालं. "दाजी, आता तुम्ही करा एक. तुमच्या हातचा."

"काय लिहू?" मी विचारलं. "कशाबद्दल?"

तो निकिताकडे बघत राहिला. मला वाटलं, ती आता नको म्हणणार. पण ती बोलली, "डॉक्टर नको. अभिनंदन नको. नाव टाका फक्त. आणि मामाचा फोटो माझ्यापेक्षा लहान पाहिजे."

"टाका लहान!" मामा लगेच तयार.

मी नवी फाइल उघडली. इतक्या वर्षांची सवय हो, तोंडातून निघूनच गेलं, "आणि पावती?"

बाळाराम माझ्याकडे असा बघत राहिला, जसा मी खुळाच आहे. मग त्याने खुर्चीत बसलेल्या भाचीकडे बोट केलं. "ही काय! बसली हाय ना समोर."

मी मान खाली घालून कामाला लागलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तोच लग्नातला फोटो घेतला, त्यात ती मोकळी हसतेय. तोंड कापलं, केस सोडवले, रंग तिचा तिला परत दिला. मग खांद्यावर आलो आणि तो हात पुसायला घेतला.

"तो राहू दे, पप्पा," निकिता मागून बोलली. "आईचा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बॅनर शेलार नाक्यावर लागला. वर 'निकिता', बाजूला म्हैस, कोपऱ्यात लहानसा मामा, आणि खांद्यावर हिरव्या बांगड्यांचा हात. येणारे-जाणारे थांबून विचारतात, कशाबद्दल लावलाय? बाळाराम सांगतो, भाची हाय आमची. आणि सकाळच्या पहिल्या रिक्षाने ती त्याच्याखालून तबेल्यावर जाते.